स्थानिकांना खोली मिळणार नाही

रत्नागिरीत राहणाऱ्या माणसांनी गणपतीपुळ्याला जाऊन हॉटेलात मुक्काम करायचा, हे आमच्या आळीत कुणालाच पटलं नाही. "तासाभरावर तर आहे. सकाळची एसटी धरायची, समुद्र बघायचा आणि दिवेलागणीला घरी. झोपायला घर नाही काय तुम्हाला?" असं शेजारच्या काकींनी मला तोंडावर विचारलं.

घर होतं. दोन खोल्यांचं. त्यात आमच्या संसाराला एकतीस वर्षं झाली होती, आणि त्या एकतीस वर्षांत आम्ही नवराबायको एकदाही बाहेरगावी फक्त दोघं असे राहिलो नव्हतो. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्यांना टाकून जाणं शक्यच नव्हतं. घराबाहेर पडलो ते लग्नाला, मयताला नाहीतर दवाखान्यासाठी. नागपूरला दीक्षाभूमीवर दोनदा गेलो, तेव्हा शाळेच्या वर्गात चाळीस माणसांत सतरंजीवर झोपलो. त्याची तक्रार नाही, तिथे तसंच झोपायचं असतं. पण सासूबाई गेल्या, वर्ष सरलं, आणि एक दिवस मी ह्यांना म्हटलं, "मला एक खोली हवी आहे. दार लावलं की आत फक्त आपण दोघं. सकाळी उठून कुणाचा चहा टाकायचा नाही."

हे एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. इंजिनाशी बोलतील, माणसांशी फार नाही. म्हणाले, "बघ तुला काय जमतं ते."

मला बोली लावणं जमत होतं. पुण्यात असणाऱ्या मुलाने एकदा फोनवर एक साइट उघडून दिली होती. त्यात हॉटेलचं नाव दिसत नाही. कुठला परिसर, कुठल्या दर्जाचं हॉटेल, कुठली तारीख, एवढंच दिसतं. आपण आपला भाव टाकायचा. हॉटेलवाल्याला परवडला तर पैसे तिथल्या तिथे कापले जातात आणि मग नाव उघडतं. नाही परवडला तर सरळ नकार. मग एक दिवस थांबायचं, नाहीतर परिसर बदलायचा.

मुलाला वाटलं होतं, आईला हे झेपणार नाही. पण माझी आत्या हर्णे बंदरावर संध्याकाळच्या लिलावात मासळी घेऊन, सुकवून, गावोगाव विकत असे. मी लहानपणी तिचा पदर धरून तिथे उभी राहिलेली आहे. ती सांगायची, "जी टोपली पाहिजे तिच्याकडं बघायचं नाय, आणि पहिला आकडा आपण बोलायचा नाय." इथे पहिला आकडा आपल्यालाच बोलावा लागतो, एवढाच फरक. तो इतका कमी बोलायचा की नकारच यावा, आणि मग चिमटी चिमटीने वाढवत जायचं. शनिवार-रविवार टाळायचे. अंगारकी टाळायची. ह्यांच्या मोतीबिंदूसाठी पुण्याला गेलो, तेव्हा दवाखान्याजवळ मुलासकट आम्हा तिघांसाठी मी अशीच खोली मिळवली होती, आणि मुलाने ती कितीला मिळाली ते आपल्या मित्रांना सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट मला त्यात आवडत होती. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. बदलीच्या गावी भाड्याने खोली बघायला गेले की घरमालक आधी शाळा विचारत, मग गाव विचारत, मग आडनाव. आडनाव ऐकलं की खोली कालच कुणालातरी दिलेली असे. वडील पुढच्या दाराकडे वळत. या बोलीत मला हॉटेलचं नाव माहीत नसे आणि हॉटेलला माझं. भाव पटला की व्यवहार झाला. मला वाटायचं, हे बरं आहे.

तर एका मंगळवारची बोली लागली. नाव उघडलं. गणपतीपुळ्याला देवळापासून जरा अलीकडे, रस्त्याच्या कडेला नवीन बांधलेलं तीन मजल्यांचं हॉटेल. मी भाकऱ्या भाजल्या, सुकटीची चटणी केली, दोन पिशव्या भरल्या, आणि आम्ही आरे-वारेच्या रस्त्याने जाणाऱ्या एसटीत बसलो. समुद्र जन्मल्यापासून बघत आलोय आम्ही, पण त्या दिवशी हे खिडकीला नाक लावून बसले होते.

एकच्या सुमारास पोचलो. काउंटरवर चाळिशीचा, गळ्यात टाय बांधलेला मॅनेजर होता. त्याने फोनवरचं बुकिंग बघितलं, "वेलकम, वेलकम" म्हणाला, दोघांची आधार कार्डं घेतली. कार्डावरचा पत्ता वाचला आणि त्याचा चेहरा बदलला.

"तुम्ही रत्नागिरीचे?"

"हो."

"सॉरी मॅडम. लोकल आयडीला आम्ही रूम देत नाही."

माझे कान एकदम तापले. ह्यांनी माझ्या कोपराला हात लावला आणि हळूच विचारलं, "आडनाव?" मला पण तेच वाटलं होतं. पण तेवढ्यात मॅनेजरने काउंटरवरची एक पाटी आमच्याकडे वळवली. 'स्थानिकांना खोली मिळणार नाही.' लॅमिनेट केलेली. म्हणजे आडनाव नव्हे, आमचा जिल्हाच नडला होता.

"का?" मी विचारलं.

"लोकल लोक येतात, पितात, दंगा करतात. कपल्स येतात. नंतर पोलिसांचं लचांड मागे लागतं."

"आम्ही पिऊन आलोय असं वाटतंय का?"

"तसं नाही मॅडम. पण रूल तो रूल. आणि तुम्ही नवराबायको आहात हे तरी आम्ही कशावरून..." त्याने वाक्य अर्धवट सोडलं.

मी अठ्ठावन्न वर्षांची, हे बासष्ट. मला हसावं की ओरडावं कळेना. तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला. एरवी हा माणूस दुकानात सुटे पैसे परत मागायलाही लाजतो.

"एकतीस वर्षं झाली," हे म्हणाले. "पुरावा पाहिजे असेल तर हिच्याशी अर्धा तास वाद घालून बघा."

मॅनेजर वरमला. "काका, गैरसमज नको. मी तुमचे पूर्ण पैसे परत करायला लावतो. आता लगेच."

"मला पैसे नकोत," मी म्हटलं. "मी खोली घेतली आहे. मला खोली पाहिजे. त्या साइटवरची प्रत्येक अट मी वाचली आहे, अगदी खाली बारीक अक्षरात आहे तीसुद्धा. त्यात ही अट नाही."

"ती आमची इंटर्नल पॉलिसी आहे."

"मग ती लिहून द्या. आम्ही रत्नागिरी जिल्ह्याचे रहिवासी आहोत म्हणून खोली नाकारली, एवढं लिहा, सही करा, शिक्का मारा. आम्ही परत जातो."

तो लिहून देईना. लिहून देणार नाही हे मला माहीतच होतं. मी सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर तीस वर्षं काढली आहेत. तोंडाने नाही म्हणणारी माणसं शंभर असतात, कागदावर नाही म्हणणारा एखादाच. मी ह्यांना म्हटलं, "बसा." समोर पांढऱ्या रेक्झिनचे सोफे होते. आम्ही बसलो.

हे कुजबुजले, "अगं, दुसरीकडे विचारू. नाहीतर संध्याकाळच्या गाडीने घरी जाऊ. कशाला शोभा?"

"दुसरीकडेही हीच पाटी असेल. आणि घरी जायचं असतं तर घरून निघालेच नसते."

अर्धा तास गेला. पुण्याची गाडी आली. एक कुटुंब उतरलं, त्यांनी कार्डं दाखवली, पाच मिनिटांत किल्ली घेऊन वर गेलं. आणखी एक गाडी आली, ती कोल्हापूरची. त्यांचंही तसंच. दार उघडलं की माझ्याच जिल्ह्याचा वारा आत येत होता आणि मी सोफ्यावर बसून बाहेरच्यांना किल्ल्या मिळताना बघत होते.

लादी पुसायला एक बाई आली, माझ्याच वयाची. आम्हाला बघून थांबली. "बाय, कवाधरनं बसलाव? खोली नाय मिळत?"

"लोकलला देत नाहीत म्हणे."

ती मॅनेजरकडे पाठ करून म्हणाली, "मी इथली, तो भटारी इथला, बागवालाबी इथलाच. चादरी आमी बदलायच्या, निजायचा मातर नाय." आणि फडकं पिळून पुढे गेली.

आता खरं सांगते. डबा मी भूक लागली म्हणून उघडला नाही. मुद्दाम उघडला. एसी लावलेल्या, दारंखिडक्या बंद असलेल्या त्या हॉलमध्ये सुकटीच्या चटणीचं झाकण उघडलं आणि वास जिन्यापर्यंत पोचला. मी ह्यांच्या हातात भाकरी दिली.

मॅनेजर धावत आला. "मॅडम, इथे बाहेरचं खाणं अलाउड नाही."

"बाहेरचं कुठलं? इथलंच आहे. लोकल. खोली द्या, आत जाऊन खातो."

जेवण झालं. मी हात धुऊन आले, पिशवीतून वही काढली आणि लिहायला बसले. विषय, संदर्भ, महोदय. 'आम्ही उभयता सदर जिल्ह्याचे कायम रहिवासी असल्याच्या एकमेव कारणावरून, रक्कम स्वीकारल्यानंतर, आम्हांस खोलीचा ताबा देण्यास नकार देण्यात आला आहे.' खाली प्रती कुणाकुणाला ते लिहिलं: जिल्हाधिकारी, ग्राहक मंच, पर्यटन खातं. दोन प्रती केल्या. एक काउंटरवर ठेवली आणि दुसरी पुढे सरकवली. "यावर पोच द्या."

त्याने ते सगळं उभ्याने वाचलं. वाचता वाचता टाय सैल केला. "मॅडम, तुम्ही फार मोठं करताय हे."

"मोठं तुम्ही केलंत. मी नुसतं लिहून काढलंय."

मग त्याने मालकाला फोन लावला. जरा वेळ हलक्या आवाजात बोलला आणि फोन माझ्याकडे दिला. मालक मुंबईत राहणारा, मराठीच. आवाज गोड. "काकी, तुम्ही समजून घ्या. हा नियम चांगल्या माणसांसाठी नाही हो."

"मग पाटीवर तसं लिहा. 'वाईट माणसांना खोली मिळणार नाही.' पिऊन दंगा करणारा काय फक्त रत्नागिरीतच जन्मतो? तुमच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या रोज ज्या बाईच्या हातात असतात ती लोकल आहे. तिच्यावर विश्वास आहे आणि माझ्यावर नाही?"

मग तो म्हणाला, "मॅनेजरला द्या फोन."

साडेतीन वाजता किल्ली मिळाली. दुसरा मजला, मागची बाजू. खिडकी उघडली तर समोर पाण्याची टाकी आणि काजूची झाडं. समुद्र नावाला नाही. पुढच्या बाजूच्या खोल्या रिकाम्या होत्या, मी येतायेता बघितल्या होत्या. माझे पाय परत जिन्याकडे वळले, पण मी थांबले. बोलीत समुद्राची खिडकी कबूल केलेली नव्हती. जे माझं नव्हतं त्यासाठी भांडून जे माझं होतं ते मला पातळ करायचं नव्हतं.

दार लावलं. हे पलंगाच्या कडेला बसून राहिले, पाहुण्यासारखे. मग म्हणाले, "मला सगळा वेळ वाटत होतं गं, आता कुणीतरी उठवून बाहेर काढणार."

"मलापण," मी म्हटलं. खरंच वाटत होतं. वहीत लिहिताना तारीख दोनदा चुकली, खोडाखोड बघितली तर कळतं.

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ओल्या वाळूतून लांबवर चालत गेले. मी त्यांना हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी मी आठ वाजेपर्यंत झोपले, लग्नानंतर पहिल्यांदा.

घरी आल्यावर साइटवर अभिप्राय मागितला, तेव्हा मी घडलं ते सगळं मराठीत लिहिलं. चादरी स्वच्छ होत्या, पाणी गरम होतं, चहा बरा होता, तेही लिहिलं. आठवड्याभरात त्याखाली दुसऱ्यांनी लिहायला सुरुवात केली. खेडच्या एका शिक्षकाला लहान मुलांसकट दारातून परत पाठवलं होतं. चिपळूणच्या एकीने लिहिलं की ती आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन गेली होती, आणि नको म्हटल्यावर गुपचूप घरी आली. 'भांडायचं असतं हे सुचलंच नाही,' असं तिने लिहिलं होतं. ते वाक्य मी बऱ्याच वेळा वाचलं.

पाटी निघाली की नाही मला माहीत नाही. ऑफिसातली एक मैत्रीण, रत्नागिरीचीच, नवऱ्याबरोबर त्याच हॉटेलात राहून आली, तिला कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र आम्हालाच पुन्हा अडवलं, आणि तिथे मला अडीच तास लागले नाहीत, वही काढली तेव्हाच किल्ली मिळाली.

शेजारच्या काकी अजून विचारतात, एवढं करून मिळालं काय. मी त्यांना सांगते, झोप मिळाली. त्यांना ते थट्टेचं वाटतं.

परवा जेवताना ह्यांनी ताटातून मान वर न करता म्हटलं, "ते तुझं बोलीचं उघड बघू. पुढचा मंगळवार बघ."

"कुठलं बघू? गोवा?"

"गोवा कशाला? जिल्ह्यातलंच बघ."