पपईच्या देठातला वारा

ढोकीच्या कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्याला मुजफ्फर शेख यांचं पत्र्याचं दुकान आहे. उफणणीचे पंखे बनवायचे आणि बिघडलेले दुरुस्त करायचे, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. त्यांची मुलगी सिमरन पाच वर्षांची असल्यापासून त्या दुकानात बसायची आणि चालू पंख्यापुढं मूठमूठ सोयाबीनचा भुसा सोडायची. भुसा सरळ जायचा नाही. गिरकी घ्यायचा आणि डावीकडं पडायचा, उजवीकडं कधीच नाही.

"अब्बा, डावीकडंच का?"

हे तिनं इतक्यांदा विचारलं की मुजफ्फरनी शेवटी हात टेकले. "मिजाज असतो बेटा पंख्याचा," म्हणाले. दुसरं पोर एवढ्यावर गप्प बसलं असतं. सिमरननं तो मिजाज चौदा वर्षं डोक्यात ठेवला.

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला तिला उत्तर सापडलं. फिरणारी पाती हवेला पीळ देतात, म्हणून भुसा वळतो. पण एक प्रश्न सुटला तिथं दहा नवे उभे राहिले. विमानाच्या पंखावरून जाताना हवा काय करते? ती पंखाला चिकटून का राहते, आणि कधी सोडते? पोरीनं ठरवलं, एरोस्पेसच शिकायचं. मावशी म्हणाली, "हवेचं इंजिनिअरिंग? हवेत काय दुरुस्त करायचं असतंय?" सिमरननं तिला समजावून सांगितलं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं.

एम.टेक.च्या मुलाखतीला बोलावणं आलं ते चेन्नईच्या एकाच संस्थेचं. मुलाखत व्हिडिओवर होती, आणि स्वतः केलेला एखादा प्रयोग दाखवायचा होता. तिथं जमलं नाही तर पहिल्या तारखेपासून साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी, असा शब्द मुजफ्फरनी तिथंच कामाला असलेल्या तिच्या मामूला देऊन ठेवला होता. नोकरीत वाईट काहीच नव्हतं, पण सिमरनला हवेचंच शिकायचं होतं.

तिनं दुकानातच प्रयोग मांडला. लांब लाकडी पेटी, एका तोंडाला पंखा, आत थर्माकोलचा पंख आणि वाऱ्याचा जोर मोजायला रंगीत पाणी भरलेली सलाईनची तिरकी नळी. घोडं अडलं ते त्या जुन्या पिळापाशी. वारा सरळ झाल्याशिवाय आकडे खरे येणार नव्हते. पुस्तकात त्यावर उपाय होता, बारीक नळ्या एकमेकींना चिकटवून केलेली जाळी. ती ढोकीत कुठं मिळणार?

पंखा दुरुस्तीला आणलेले लिंबाजीकाका हे सगळं बघत उभे होते. त्यांची दोन एकर पपई होती.

"नळ्याच पायजेत न्हवं? मग पपईच्या पानांची देठं हायत की. आमी बारकं असताना त्याच्या पुंग्या वाजवायचो. आतून पार पोकळ. लागतील तेवढी न्ये."

सिमरननं दोनशे चाळीस देठं आणली, वीतवीत कापली आणि पंख्यापुढं गच्च बसवली. पंखा सुरू केला, भुसा सोडला. भुसा सरळ गेला. मुजफ्फर वाकून बघत राहिले. त्यांच्या पंख्याचा वारा तीस वर्षांत पहिल्यांदा सरळ चालला होता. सिमरननं त्याच संध्याकाळी सगळे आकडे वहीत उतरवले आणि पेटीवर पोतं टाकलं.

चार दिवसांनी, मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिनं पोतं काढलं. देठं सुकून सुरकुतली होती, काठाला बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. पपईची पुंगी दुसऱ्या दिवशी वाजत नाही, हे ढोकीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सिमरनलाही होतं. घाईत तिच्या ध्यानातच आलं नाही.

"लई शिकल्यावर असं व्हतंय," पंखा न्यायला आलेले लिंबाजीकाका म्हणाले. "सकाळी ताजी देठं आणून देतो. कुणाला काय कळतंय?"

सुटका झाल्यासारखं सिमरननं मान हलवली. ते गेल्यावर सहज म्हणून तिनं पंखा लावला. भुसा काठाला वळला, पण मधोमध अजून सरळच जात होता. देठं तर मधलीही सुकलेली होती, मग असं का? तिनं नळी जोडली आणि वही उघडली. अम्मीनं जेवायला दोनदा हाक मारली, तिला एकही ऐकू गेली नाही.

सकाळी लिंबाजीकाका भारा घेऊन आले, तर ही म्हणाली, "काका, सुकलेलीच दाखवते."

"हसतील ना ते," मुजफ्फर म्हणाले.

"हसू देत अब्बा. मधला वारा सरळ का राहतो, ते मला कळेनासं झालंय."

मुलाखतीत तिनं दोन्ही दिवसांचे आकडे समोर ठेवले, चूकही सांगितली. एका प्राध्यापकांनी नेमकं तेच विचारलं, मधेच सरळ का? सिमरन म्हणाली, "सर, मला माहीत नाही. अंदाज आहे, तो चुकीचाही असेल." अंदाज सांगितला. त्यांनी तो खोडला, तिनं दुसरा काढला. वीस मिनिटांची मुलाखत पन्नास मिनिटं चालली. पंख्याशेजारी उभ्या मुजफ्फरना इंग्रजीतलं अवाक्षर कळलं नाही, पण पलीकडं कुणी हसत नव्हतं एवढं कळलं.

बाराव्या दिवशी निवड झाल्याचं पत्र आलं. खाली त्या प्राध्यापकांची एक ओळ होती. येताना ती सुकलेली जाळी घेऊन या.

जाळी अम्मीनं, म्हणजे सायराबींनी, परवाच पाणी तापवायला चुलीत घातली होती. सिमरनचा चेहरा पडला. मुजफ्फरनी गाडीला किक मारली आणि तासाभरात लिंबाजीकाकांच्या मळ्यातून देठांचा भारा घेऊन परतले. त्यांनीच देठं मोजून कापली, पेटीत पहिल्यासारखी गच्च भरली आणि पेटी उन्हात नेऊन ठेवली.

"चार दिवस सुकू दे," ते म्हणाले. "हिरवी नेलीस तर तुझे सर काय बघणार?"

मग उरलेलं एक देठ डोळ्याला लावून ते बराच वेळ रस्त्याकडं बघत बसले.

"सिमरन," देठ तसंच धरून ते म्हणाले, "मधला वारा सरळ का राहतो ते कळलं, की अगोदर मला फोन कर."