घडीखालची पावडर

कुत्री विकणाऱ्या एका मुंबईकराने मला फसवलं. नाकावरच्या घडीत जखम असलेलं बुलडॉगचं पिल्लू त्याने पावडर फासून माझ्या गळ्यात मारलं.

मी रत्नागिरीतला आंब्याचा व्यापारी. बाजारात पाट्या वाहून वर आलो. पेटीचा वरचा थर उचलल्याशिवाय कधी सौदा केला नाही. त्या दिवशी मात्र भावावरून इतका भांडलो, की घडी उचलून बघायची राहिली. बायकोने ते कधी सोडलं नाही. पाहुण्यांसमोर म्हणायची, "ह्यांना आंब्यातलं कळतं. कुत्र्यातलं विचारू नका!"

पावडरीचा वास उडाला आणि घरभर आंबूस घाण सुटली. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणाला, "शेठ, कोकणातले ना तुम्ही? खोबरेल चोळा." खोबरेलावर आमचा औषधापेक्षा जास्त विश्वास. चोळत राहिलो. घडीत पू झाला. पिल्लू कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर तोंड घासायचं, रक्त येईपर्यंत.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी घडी उघडली, तर बोट तेलाने माखलं. "कुत्रा पाळलाय की बांगडा तळायला घेतलाय? ओल राहिली की घडी चिघळते." त्यांनी मलम दिलं. रोज औषधी पाण्याने घडी पुसायची आणि पूर्ण कोरडी करायची, शेपटीखालची खाचसुद्धा, हे हाताला धरून शिकवलं.

पावसाळ्यात आमच्याकडे काही वाळत नाही. जुन्या पंच्याचे तुकडे मी इस्त्रीखाली वाळवायचो. सकाळी ओटीवर बसलो की कुत्रा आपणहून येऊन माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकायचा आणि घडी पुसता पुसता घोरायला लागायचा. एरवी माझा आवाज नाक्यापर्यंत जातो. तेव्हा मी कुजबुजत असे. बायको दारातून म्हणायची, "माझ्याशी बोललात कधी असं?"

म्हातारा होऊन गेला तो. पंच्याचे तुकडे अजून कपाटात आहेत. बायको त्यांना फडक्यासाठीही हात लावू देत नाही.

यंदा तोच विकणारा माझ्या वखारीत आंबे घ्यायला आला. मला ओळखलं नाही. पेटीचा वरचा थर उचलला, नाक खुपसलं आणि हसून म्हणाला, "खालचे बघून घेतलेले बरे, शेठ."

मी त्याचं मनगट पेटीतच धरलं.

"आंबे देतो, हवे तेवढे देतो. पण त्या पिल्लाच्या घडीखाली काय होतं, ते पावडर लावताना तू बघितलं होतंस. हो की नाही? बोल आधी!"