रबराखालचं कुंकू

“टिकली लावणारीच्या घरात कुंकू नसतं, हे मी खरं मानू होय?” दुकानदार म्हणाला आणि त्यानं बोट थेट माझ्या सुनेच्या कपाळाकडे धरलं.

लातूरचं दुकान, भर दुपार. काउंटरच्या काचेवर कॅमेरा उघडा पडलेला, त्याचं मागचं रबर काढून बाजूला ठेवलेलं. दुकानात माणसं होती. एक नवरा-बायको मोबाइलचं कव्हर बघत होते. लग्नाचे फोटो काढणारे दोघे जण मेमरी कार्ड घ्यायला आले होते, त्यांतला एक अहमदपूरचा. सून त्याला कामामुळे ओळखत होती. लोह्यापासून लातूरपर्यंत कुणाच्या घरी कधी लग्न आहे हे या लोकांना सगळ्यांच्या आधी कळतं. पण माझी सून विधवा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणूनच तिला हळदीची कामं मिळत होती.

सुनेनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं कपाळाची टिकली नखानं काढली, काचेवर चिकटवली आणि म्हणाली, “ही टिकली आहे. पाकिटात मिळते. कुंकू आमच्या घरात नाही. माझा नवरा वारलाय आणि ह्या माझ्या सासूबाईंचाही.”

हे असं कशानं झालं ते सांगते.

माझा मुलगा काविळीनं गेला. नांदेडला नेला होता, तिथंच गेला. दहाव्याला भावकीतल्या बायका घरात आल्या. कशाला आल्या ते मला माहीत होतं, माझ्या वेळीही त्यांतल्याच काही आल्या होत्या. मी दारात बसून राहिले. म्हटलं, पोरीच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. एक जण म्हणाली, “तू लावू नकोस, आम्ही लावतो.” मी आत गेले, देवळीतला कुंकवाचा करंडा उचलला आणि त्यांच्यादेखत उकिरड्यावर नेऊन टाकला. ज्या कुंकवाच्या नावानं बाहेरची माणसं माझ्या घरात शिरतात ते कुंकू मला घरात नको. त्या दिवसापासून आमच्या देवांना अष्टगंध लागतं. देवांनी अजून तक्रार केलेली नाही.

सून टिकली लावते. तिला आवडते म्हणून लावते, पाकीट ती स्वतः आणते. आमच्यात एकच ठरलं होतं. कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तर खोटं बोलायचं नाही.

ती नांदेडला एका फोटो स्टुडिओत काम शिकली. रोज एसटीनं जायची, यायची. आधी नुसती अल्बम लावायची, मग लहान पोरांचे फोटो, मग लग्नात मालकाच्या मागे दुसरा कॅमेरा घेऊन उभी राहायला लागली. बायकांना बाई फोटोवाली बरी वाटते, हळदीत तर फारच बरी वाटते. ओल्या साडीतल्या नवरीच्या तोंडावर कुणी पुरुष कॅमेरा धरून उभा नको असतो. त्यामुळे लोह्याजवळच्या एका गावातलं लग्न तिच्याकडे तिच्या एकटीच्या नावानं आलं. हळद, लग्न, पाठवणी, सगळं. पण स्टुडिओचा कॅमेरा मालक देणार नव्हता. स्वतःचा घ्यायचा होता.

तिचा भाऊ लातूरला असतो. म्हणाला, माझ्या ओळखीचं दुकान आहे, नवा कोरा पीस देतो. पैसे आम्ही त्याच्याकडे दिले. दिवाळी होऊन गेली होती, तुळशीची लग्नं लागली होती. तो कॅमेरा घेऊन लोह्याला आला आणि कौतुकानं म्हणाला, “दुकानदार लई चांगला माणूस. आत नेऊन सगळं सेटिंग करून दिलं, मगच डबा हातात दिला.”

सुनेचं तोंड तिथंच उतरलं. “म्हणजे सील तुझ्यासमोर नाही तोडलं?”

“ओळखीचा माणूस हाय. त्याच्यावर काय पाळत ठेवायची?”

तिनं चटईवर पांढरी चादर अंथरली, हात धुऊन पुसले आणि डब्यातली एकेक वस्तू काढून बघायला लागली. मी शेजारी बसले. पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत होता, पण त्याची घडी एकदा उलगडून पुन्हा घातलेली दिसत होती. जिथं भिंग बसवतात त्या गोल पत्र्यावर बारीक चरे होते. ती म्हणाली, भिंग पुष्कळदा काढलं-घातलं की असे चरे पडतात. मग तिनं एक फोटो काढला. नंबर एकपासूनच आला. भाऊ म्हणाला, “बघ.” ती म्हणाली, “नंबर पुन्हा एकवर नेता येतो.” तो फोटो तिनं नांदेडला स्टुडिओत पाठवला. तिथल्या कॉम्प्युटरवर कॅमेऱ्यानं आजवर किती वेळा फोटो काढलाय ते कळतं. थोड्या वेळानं निरोप आला, काही हजार. नव्यात दहा-वीस असतात.

भाऊ म्हणाला, “कंपनीत तपासताना काढले असतील.”

डोळा लावून बघतात तिथलं काळं रबर तिनं ओढून काढलं. खालच्या खाचेत एक रेघ होती, तांबडी-काळी. तिनं नखानं खरवडलं आणि नख माझ्यापुढे धरलं.

“आत्या, हे काय आहे?”

मला चष्मा लागला नाही. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांना कुंकू लावतात. विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, वजनं, मोटारसायकल. वरचं पुसलं जातं, सांध्यातलं राहतं. हाताचं तेल आणि धूळ मिसळून पुढं ते असंच काळपट होतं. फोटोवाले त्या दिवशी कॅमेरा पूजतात, हे तर मी तिच्याच स्टुडिओत बघितलं होतं. या कॅमेऱ्याची पूजा कुणाच्या तरी घरी होऊन गेली होती. दसऱ्याला पूजला, वापरला, परत केला, आणि दुकानदारानं पुसून आमच्या डब्यात घातला.

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरची एसटी धरली. भाऊ स्टँडवर घ्यायला आला होता आणि वाटभर मला एकच सांगत होता, “मावशी, आवाज चढवू नका. माझी ओळख हाय तिथं.”

“तुझ्या ओळखीनंच ह्यो आमच्या गळ्यात पडला,” मी म्हटलं.

दुकानदारानं आधी पाणी दिलं, चहा मागवला. मग सुनेनं चरे दाखवले, आकडा सांगितला, तसा त्याचा चहा थांबला.

“आकड्याचं काय घेऊन बसलात? बटण दाबून धरलं की मिनिटात शेकड्यानं फोटो निघतात. घरात पोरं खेळली असतील.”

“घरात पोरं न्हाईत,” मी म्हटलं. “आम्ही दोघीच हाव.”

“मग दोघी खेळलात.”

फोटोवाले हसले. सुनेनं रबर काढलं आणि खाच दाखवली. त्यानं वाकून बघितलं आणि त्याला उलट बरंच वाटलं.

“हे तर तुम्हीच केलं की. पूजा केली, वापरला, आता पसंत नाही म्हणून परत आणला. रोज बघतो मी असे.”

“आम्ही पूजा केली न्हाई.”

“आजी, नवी वस्तू पूजा केल्याशिवाय कोण वापरतं? साधी सायकल घेतली तर लोक नारळ फोडतात.”

“आमच्या घरात कुंकूच न्हाई.”

तेव्हा तो ते टिकलीचं बोलला. आणि सुनेनं जे सांगायचं ते सांगितलं.

भाऊ रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. दुकानदार म्हणाला, “मी असलं काही विचारलं नव्हतं.”

“विचारलंस की,” मी म्हटलं. “बोट करून विचारलंस.”

कव्हर घ्यायला आलेली ती बाई नवऱ्याच्या कानाशी बोलली, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. “मग टिकली कशाला लावायची?”

“तिला लावावी वाटती म्हणून,” मी म्हटलं. “तुझं कव्हर घे आणि जा.”

दुकानदार मऊ झाला, पण बदलून द्यायला तयार होईना. कंपनीकडे पाठवतो म्हणाला, पंधरा-वीस दिवस लागतील. लग्न त्याच्या आत होतं, हे त्याला सुनेनं सांगून ठेवलेलं होतं. मग म्हणाला, एक बॅग फुकट देतो. तिपाई पण देतो. सून म्हणाली, “बॅग नको. सीलबंद डबा काढा.”

मी दाराजवळचं स्टूल ओढून मधोमध बसले. आत येणाऱ्या माणसाला माझ्या गुडघ्याला वळसा घालून यावं लागत होतं, आणि जो वळसा घालेल त्याला मी सांगत होते, बाबा, डबा स्वतः फोडून घे. एकाला सांगितलं, दुसऱ्याला सांगितलं. दुकानदार म्हणाला, पोलिसांना बोलावतो. मी म्हटलं, बोलाव, ते पण कॅमेरे घेत असतील, त्यांनाही सांगते. अहमदपूरच्या फोटोवाल्यानं उघडा कॅमेरा हातात घेतला, खाचेवरून अंगठा फिरवला, परत ठेवला. मग खिशात घातलेली मेमरी कार्डं काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, “आज राहू द्या शेठ. पुढच्या वेळी बघू.”

त्यानंतर आतल्या खोलीतून डबा आला.

सुनेनं तो लगेच घेतला नाही. चिकटपट्टीखाली नख घालून ती आधी उचकटलेली आहे का बघितलं. डबा तिनं स्वतः फोडला, त्यावरचा नंबर आणि आतल्या कागदावरचा नंबर जुळतो का बघितलं. पत्र्यावर चरा नाही, पट्ट्याची घडी कंपनीची, पडद्यावरची फिल्म कडेपर्यंत चिकटलेली. रबर काढलं, खाच बोटानं चाचपली, बोट उजेडात धरलं. एक फोटो काढून नांदेडला पाठवला आणि निरोपाची वाट बघत उभी राहिली. दुकानदार म्हणाला, “आता काय राहिलं?” ती म्हणाली, “निरोप.” गिऱ्हाइकं येत होती, जात होती. तिनं घाई केली नाही. निरोप आला. मग तिनं बिलावर नवा नंबर लिहून घेतला, सही घेतली, कॅमेरा आपल्या जुन्या पिशवीत घातला. काचेवरची टिकली तशीच राहिली. परत लावण्यासारखी नव्हती.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, “माझी इज्जत घालवली तुम्ही.”

सून म्हणाली, “दादा, इज्जत त्याची गेली. तू ते अंगावर का ओढून घेतोस?”

त्यानं आम्हाला स्टँडवर सोडलं. पुढं बरेच दिवस त्याचा फोन आला नाही.

नवरीच्या आईचा फोन मात्र लगेच आला. कुणी सांगितलं ते आम्ही शोधलं नाही. दुकानात पुष्कळ तोंडं होती. ती बिचारी अडखळत बोलत होती. “ताई, वाईट वाटून घेऊ नका. हळदीला तेवढं नको. लग्नाचे तुम्हीच काढा.”

सून म्हणाली, “काढीन तर दोन्हीचे काढीन.”

“माझं काही नाही हो. सासूबाई ऐकेनात.”

मी फोन घेतला. म्हटलं, सासूबाईंना द्या. म्हातारी माझ्याच वयाची असावी, आवाजावरून.

“तुमचे मालक आहेत का?” मी विचारलं.

“न्हाईत. लई वर्षं झाली.”

“मग नातीच्या हळदीला तुम्ही कुठं बसणार?”

ती म्हणाली, “मागं बसंन. बसतो की आपण मागं.”

“तुम्ही बसा. माझी सून मागं बसत न्हाई.”

तिनं फोन ठेवला. काम गेलं. ते अहमदपूरच्या फोटोवाल्याला मिळालं. घेण्याआधी त्यानं सुनेला फोन करून विचारलं होतं, ताई, घेऊ का? ती म्हणाली, घ्या, तुम्ही नाही घेतलं तर तिसरा घेईल.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं, आता म्हणेल, आत्या, उगीच गेलो लातूरला, गुपचूप तोच कॅमेरा वापरला असता. मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण ती म्हणाली, “आपलं ते ठरलेलं मोडते मी. आता विचारायची वाट बघणार नाही. काम घ्यायच्या आधी मीच सांगणार. नको असेल त्यांनी आधीच नको म्हणावं.”

मी म्हटलं, “पोट भरंल का त्यावर?”

“माहीत नाही.”

आधी भरलं नाही. शाळेचं गॅदरिंग, एका दुकानाचं उद्घाटन, आधार कार्डाला लागतात तसले फोटो, असलंच चाललं. स्टुडिओच्या मालकानंही हळदीला तिला नेणं बंद केलं, गिऱ्हाईक बोलतं म्हणाला. तिनं स्टुडिओ सोडला. मग देगलूरकडच्या एका बाईनं बोलावलं. ती स्वतः विधवा, मुलीचं लग्न एकटीनं करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, या, मीच हळद लावणार आहे, माझे फोटो कोण काढणार? तिथून आणखी दोन कामं आली. किती तरी जण अजून नको म्हणतात. फोनवरच म्हणतात, त्यामुळे एसटीचं भाडं वाचतं.

लोक हे सगळं माझ्या नावावर सांगतात, म्हातारीनं दुकान डोक्यावर घेतलं म्हणून. मी स्टुलावर बसले होते, एवढंच. दुकानात बोलली ती माझी सून, काम गेलं ते तिचं आणि आज फोटो काढते तीही तीच. ती छत्तीस वर्षांची आहे. आम्ही दोघी लोह्यात राहतो.