दगडावर लक्ष

धुवांधारला जायचं ठरलं की आमच्या घरात दोन कामं वाटून दिलेली असत. पुऱ्या आई लाटायची आणि दगडावर लक्ष मी ठेवायची. धाकट्या भावाला काहीच काम नसे, कारण तो धाकटा आणि मुलगा. हे मी तेव्हाही बोलून दाखवत असे.

जबलपूरला पाहुणा आला की त्याला भेडाघाटचा हा धुवांधार धबधबा दाखवावाच लागतो, त्यातून सुटका नाही. पाहुणे कठड्याशी उभे राहून अंगावर तुषार घेतात, फोटो काढतात, खोव्याची जलेबी खातात आणि परत जातात. आम्ही कठड्याशी कधी थांबलो नाही. धबधब्याच्या जरा वरच्या अंगाला, नदीतच, एक लांबरुंद सपाट खडक आहे. काठ आणि खडक यांच्यामध्ये घोटाभर पाण्याची एक चिंचोळी धार वाहते. ती ओलांडली की खडकावर दहा माणसं पंगत मांडून बसू शकतात. आम्ही तिथे बसायचो.

बाबांची सगळी नोकरी सिंचन विभागात गेली. वर बरगीच्या धरणाची दारं उघडली की इथे पावसाचा थेंब नसतानाही नदी चढते, हे त्यांना आमच्या शाळेच्या पुस्तकांपेक्षा जास्त पाठ होतं. खडकावर पोचल्यावर ते आधी बसायचे नाहीत. लिंबाएवढा एक पांढरा दगड शोधायचे, पाण्यापासून एक वीत मोजून खडकावर ठेवायचे आणि तळहाताने दाबून पाहायचे. मग म्हणायचे, "दगड भिजला की उठायचं. घास तोंडात असला तरी." चढणारी नदी डोळ्यांना कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ती केव्हाही पाहा, पहिल्यापासून तेवढीच होती असं वाटतं. म्हणून दगड, आणि दगडावर मी.

मी सहावीत असताना एकदा दगड भिजला. बटाट्याची भाजी अर्धी पातेल्यात तशीच होती. बाबांनी आम्हाला उठवलं. पलीकडच्या खडकावर एक मोठं कुटुंब जेवत होतं, ते आम्हाला हसले. मला लाज वाटली आणि बाबांचा रागही आला. आम्ही वर टपरीवर चहा घेत होतो तेव्हा आरडाओरडा ऐकू आला. नावाड्यांनी त्या लोकांना एकेक करून काढलं. त्यांच्यातली म्हातारी बाई मिळाली नाही. तेव्हापासून मी जेवताना ताटाकडे कमी आणि दगडाकडे जास्त पाहू लागले.

गेल्या वर्षी नवरात्रात भाऊ आणि वहिनी मुलीला आजोळी ठेवून पुण्याहून चार दिवसांसाठी आले. आमच्याकडे देवीचं असतं म्हणून आलो, असं ते म्हणाले. मला खरं कारण ठाऊक होतं. बाबांना तपासायला आले होते. आमच्या अधारताल भागातल्या मेन रोडवर बाबा एकदा भाजीवाल्याला स्वतःच्याच घराचा रस्ता विचारत उभे होते. शेजारच्या काकूंनी ते पाहिलं आणि लगेच पुण्याला फोन लावला. मी भावाला सांगितलं की चष्मा घरी राहिला होता. बाकी गोष्टींबाबत मी ताकास तूर लागू दिली नव्हती.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली तर भाऊ बाबांना घेऊन जाणार, हे ठरलेलं होतं. पुण्यात डॉक्टर चांगले आहेत, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, असं तो दर रविवारी फोनवर ऐकवायचा. बाबांनी मात्र एका संध्याकाळी अंगणात माझा हात धरून म्हटलं होतं, "मला इथून हलवू नको." मी हो म्हटलं होतं. आणि सगळं बाबांच्या नावावर का ढकलू? मी लग्न केलं नाही. मी शाळेत शिकवते; शाळा सुटली की घरी माझी वाट पाहणारं ते एकच माणूस. ते गेल्यावर त्या घरात मी कशी राहणार?

म्हणून धुवांधारची टूम मीच काढली. घरात बाबा चाचरायचे, पण नदीवर ते पूर्वीसारखे व्हायचे. त्यांना दगड ठेवताना भावाने पाहिलं की त्याचं तोंड बंद होईल, असा माझा हिशेब. सकाळी मोबाइलवर शाळेच्या ग्रुपमध्ये वीस-पंचवीस मेसेज आले होते. अष्टमीच्या शुभेच्छा असतील म्हणून मी ते उघडलेच नाहीत.

आभाळ आलेलं होतं, पाऊस नव्हता. गाडी लावून आम्ही खाली उतरलो. पायऱ्यांवर नारळ विकणारी बाई मला ओळखते. ती म्हणाली, "दीदी, सुबह से पानी का रंग बदला हुआ है. ज़्यादा देर मत बैठना." मी जरा ऐटीत सांगितलं की आमच्यासोबत बाबूजी आहेत, पाणी त्यांना समजतं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा तिच्या टोपलीतले नारळ मोजत होते आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत होते. 

धार घोटाभरच होती. बाबा सवयीने पुढे झाले, खडकावर चढले, कुणी न सांगता वाकून दगड शोधू लागले. पांढरा, लिंबाएवढा. वीत मोजली, ठेवला, दाबला. "दगड भिजला की उठायचं," ते म्हणाले. भावाचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. वहिनीने आपल्या चपला काढून त्या दगडाच्या वरच्या बाजूला, हातभर अंतरावर ठेवल्या. मी मनात देवीला नारळ बोलले.

बाबा पाण्याकडे तोंड करून सगळ्यात पुढे बसले. आम्ही जरा मागे, उंचावर डबे उघडले. जेवता जेवता भावाने परीक्षा सुरू केली. बाबा, आज वार कोणता, सकाळी नाश्त्याला काय होतं, माझी मुलगी कितवीत आहे. प्रत्येक वेळी बाबांच्या आधी मी उत्तर देत होते, कधी हसून, कधी चिडून. शेवटी भाऊ मला म्हणाला, "तू बोलू नकोस ना. त्यांना बोलू दे." मी म्हटलं, जेवायला आलास की मुलाखत घ्यायला? वहिनीने लोणच्याची बाटली पुढे सरकवून विषय बदलला.

या सगळ्यात मी दगड पाहत होते. ते काम मी सोडलं नव्हतं. पहिल्यांदा पाहिलं, कोरडा, पाण्यापासून वीतभर. पुऱ्या संपत आल्या तेव्हा पाहिलं, कोरडा, वीतभर. मध्येच मला वाटलं की खडक आज लहान दिसतोय. पण माणसं मोठी झाली की लहानपणच्या जागा लहानच वाटतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. तिसऱ्यांदा पाहिलं, कोरडा.

मग वहिनी म्हणाली, "बरं झालं, आवाज कमी झाला. इतका वेळ ओरडून बोलावं लागत होतं."

खरंच कमी झाला होता. धबधब्याच्या बाजूने मघाशी सतत गडगड येत होती, तिच्या जागी आता नुसती सळसळ होती. बाबा आम्हाला हेही शिकवत असत. धुवांधारचा आवाज वाढला तर भिऊ नये, कमी झाला की भ्यावं. खालचं पाणी चढत आलं की उडीची उंचीच उरत नाही, म्हणून धबधबा गप्प होतो. मला हे ठाऊक होतं. तरी मी चौथ्यांदा दगडाकडे पाहिलं. तो वीतभर अंतरावर कोरडा ठणठणीत बसला होता. मी स्वतःशी म्हटलं, बाबांचा दगड खोटं बोलणार नाही, आणि वाटीत श्रीखंड वाढलं.

हात धुवायला वहिनी उठली. "माझ्या चपला कुठे गेल्या?" तिने विचारलं. भाऊ म्हणाला, असतील तिथेच, दगडाजवळ. ती खाली जाऊन पाहून आली. दगड होता, चपला नव्हत्या.

मी उभी राहिले. बाबा उकिडवे बसून खडकावर हात फिरवत काहीतरी शोधत होते. त्यांना एक पांढरा दगड सापडला. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, पाण्यापासून एक वीत मोजली, दगड ठेवला, तळहाताने दाबला. मग मागे वळून, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं, आम्हाला म्हणाले, "दगड भिजला की उठायचं."

याआधी किती ठेवले होते कोण जाणे. मघाशी मी पाहत होते तो नव्या दगडाच्या हातभर खाली होता. पाणी त्याच्यावरून गेलं होतं आणि गढूळ पाण्याखाली तो पुसट दिसत होता. पहिला कुठे होता ते आता सांगताही आलं नसतं. प्रत्येक वेळी पाणी जवळ आलेलं पाहून बाबांना वाटलं असणार, आपण आत्ताच आलो, दगड ठेवायचा राहिलाय.

मी भावाचा दंड धरून त्याला काठाकडे फिरवलं. घोटाभर धारेची मांडीभर धार झाली होती आणि तिचा रंग चहासारखा होता. काठावरून फोटोवाला भैया दोन्ही हात हलवत होता. तो बराच वेळ हाका मारत असावा. डबे, चटई, सगळं तसंच टाकलं. भाऊ पुढे, मग वहिनी, मग बाबा, शेवटी मी, असे एकमेकांचे हात धरून आम्ही पाण्यात उतरलो. पाणी नुसतं वाहत नव्हतं, ओढत होतं. वहिनीचा पाय उचलला गेला आणि ती एका बाजूला कलंडली. भावाने आणि बाबांनी दोन्हीकडून तिला वर ओढलं.

"पाय उचलू नको. सरकव," बाबा म्हणाले. आवाज अगदी पूर्वीचा होता, साइटवर माणसांना हुकूम सोडताना असायचा तसा. "तळ सोडू नका कोणी. नदीकडे पाहू नका, काठाकडे पाहा." आम्ही पाय सरकवत गेलो. पाणी माझ्या कमरेला लागलं. माझ्या हातातला बाबांचा हात इतका हलका होता की तो सुटला तर मला कळणारही नाही, अशी भीती मला वाटली. आजवर इतकी भीती कधीच वाटली नव्हती. फोटोवाल्याने खांद्यावरचा गमछा फेकला, भावाने तो धरला आणि आम्ही एकामागून एक काठावर आलो.

भैयाने भावाला झापलं. म्हणाला, सकाळपासून सगळ्यांच्या मोबाइलवर आहे, बरगी के गेट खुले हैं, तुम्ही शहरातली शिकलेली माणसं काय वाचता? मी खांद्यावरच्या पर्समधून मोबाइल काढला. पंचवीसातला तिसरा मेसेज तोच होता. तो मी भावाला दाखवला, कारण आता आणखी काही लपवायची माझ्यात ताकद नव्हती.

त्याने मेसेज वाचला आणि फोन मला परत दिला. तो ओरडेल असं वाटलं होतं. त्याने हळूच विचारलं, "कधीपासून?"

मी सांगितलं. आधी गॅस दोनदा उघडा राहिला, मग मी शाळेत जाताना गॅस खालून बंद करू लागले आणि म्हटलं, एवढं चालायचंच. मग घराचा रस्ता चुकला, तर मी त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवली आणि म्हटलं, एवढं चालायचंच. मग ते आईला जेवायला हाक मारू लागले. आई जाऊन सहा वर्षं झाली. त्यांची समजूत राहावी म्हणून मी तिचंही ताट वाढू लागले, आणि तेही चाललं. दोन वर्षं मी हेच करत होते. दर वेळी पाणी जिथवर आलेलं असेल तिथून पुढे वीत मोजायची आणि भावाला कळवायचं की सगळं कोरडं आहे.

 वहिनी अनवाणी उभी राहून रडत होती. आमचा खडक आता दिसत नव्हता. डब्याचं एक झाकण धबधब्याच्या दिशेने गोल फिरत गेलं.

बाबा पायरीवर बसले होते. त्यांचं धोतर पिळायला मी खाली बसले, तशी त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. ओळख पटायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली, सहावीतल्या मुलीकडे पाहताना पडायची तशी.

"काहून गं," ते म्हणाले, "दगडावर लक्ष नव्हतं तुझं?"

"होतं, बाबा."

"मग वेळेवर सांगितलं काहून नाही?"

भावाने तोंड दुसरीकडे वळवलं. मी ओढणीने बाबांचे पाय पुसत राहिले.