गुरुवारची रविवारशाळा

सुशीलाबाई गेल्याचं मला संगमनेरच्या एसटी स्टँडवर कळलं. आमच्या चर्चचे एक पंच भेटले, "मास्तर, बाई गेल्या" एवढंच म्हणाले आणि गाडीत चढले. माझीही गाडी लागलेली होती, पण मला बसवेना. मी नुसता येरझाऱ्या घालत राहिलो. त्याच आठवड्यात मला बाईंशी भांडायचं होतं. रविवारशाळा मी सोडतोय, आणि ती माझ्या गळ्यात मारलीत तुम्ही, हे त्यांना तोंडावर सांगायचं होतं. आता सांगायचं कुणाला... काही आठवडे उलटले, तरी जिवाला स्वस्थता नाही.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. चर्चच्या मुलांची रविवारशाळा वर्षानुवर्षं त्यांचीच. मंडळीतले निम्मे बाप्ये लहानपणी त्यांच्यासमोर चुकीच्या सुरात गायलेले. दुष्काळ पडला तेव्हा गावापासून कोसभर अंतरावर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं. आयाबाया खडी फोडायच्या आणि त्यांची पोरं धुळीत दिवसभर उनाडायची. बाईंनी पंचांच्या बैठकीत विषय काढला, की आपली शाळा आहे तरी कुणाच्या मुलांसाठी? त्यावर बरीच खडाजंगी झाली. आपलीच पोरं हातची चाललीत, आधी घरचं बघा, असं एका बाजूचं म्हणणं. मीही त्याच बाजूचा. शेवटी सगळ्यांनी मोठ्या मनानं ठरवलं की यायचं त्यानं यावं, दार उघडं आहे, रविवारी सकाळी नऊला. मुकादमाकडे निरोपही धाडला.

एकही पोर आलं नाही. महिनाभर वाट पाहून पंच म्हणाले, आपण बोलावलं, त्यांनाच नको असेल तर काय करणार. बाई मात्र उन्हातान्हात तळ्यावर गेल्या. तिथं एका बाईनं हातोडी न थांबवता सांगितलं, "रविवारी काम असतंय, बाई. आमची सुट्टी गुरवारी, बाजारच्या दिशी."

दर गुरुवारी आम्ही सगळे पिशव्या घेऊन त्याच बाजारात जायचो. तळ्यावरची माणसं तिथं आमच्या खांद्याला खांदा लावून भाजी घ्यायची. तरी आमच्या एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. देवानं सुट्टी रविवारी दिली म्हणजे सरकारनंही तेव्हाच दिली असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. बाई म्हणाल्या, मग शाळा गुरुवारी, तळ्यावर. चर्चचे पाळकसाहेब हसले, पण त्यांचा पुढचा मुद्दा खोटा नव्हता. बाईंना दमा होता, दोन्हीकडे झेपणार नव्हतं. कुठलीतरी एकीकडचीच मुलं धरा, असं त्यांनी सांगितलं.

बाईंनी तळ्यावरची धरली. रविवारची मुलं दिली माझ्याकडे, विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, पंगत उठली आणि खरकटं काढायला मी. मुलं गळत गेली. आईबाप माझ्या तोंडावर म्हणायचे, बाई असत्या तर... तिकडे तळ्यावर मुकादमानं बाईंना, पोरं बाटवायला आलात का, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, गोष्टी सांगायला आलेय, त्यांच्या आयांना विचारून. पाऊस झाला, कामं बंद पडली. मला वाटलं, आता तरी परततील. तर बाई बाजारातच, मेथीच्या जुड्यांमागे पोतं टाकून मुलांना घेऊन बसायला लागल्या.

माती देऊन आम्ही कबरस्तानातून निघालो, तेव्हा फाटकाशी एक धनगरीण उभी होती. आत यावं की नाही, हे तिला कळत नसावं. तिनं मला विचारलं, "रविवारचं मास्तर तुमीच का?"

मी हो म्हणालो. मग तिनं सांगितलं, की तिची लेक बाईंपाशी बसायची. एकदा बाईंनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. धनी सगळा कळप रानात सोडून एका मेंढराला शोधायला जातो, ती. धनगराची पोर ती, तिला काही हे पटेना. तिनं विचारलं, मग बाकीची मेंढरं कुनाच्या भरवशावर सोडली?

"बाईंनी गोष्ट तितंच थांबवली," ती म्हणाली. "मग म्हनल्या, आमच्या देवळात एक मास्तर हायेत. त्येंच्या."

हे बाईंनी मला कधीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मला त्यांचा राग येतो तो आता याचाच, आणि रडू येतं तेही याचंच. त्यांनी केलं ते बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. गळालेली मुलं गळालीच. आणि गुरुवारी पोतं टाकून कोण बसणार, यावर पंचांची बैठक अजून चालूच आहे.

माती दिल्यानंतरच्या रविवारी मी चर्चमागची, शाळेची खोली उघडली. खिडकीशी बाईंचं स्टूल आहे. धाप लागली की त्या तिथं बसून, बाहेर बघत, गोष्ट मध्येच थांबवायच्या, आणि मुलं चुळबुळ न करता वाट पाहायची. स्टुलावर मी बसलो नाही. उरलेली मुलं समोर होती. मी तीच गोष्ट सांगायला घेतली, फक्त सुरुवात बाकीच्या मेंढरांपासून केली.