खडबडीत काचेचे दाजी

सूर्यावर मनापासून चिडलेला माणूस अख्ख्या नाशकात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा होता. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या दाजींची तक्रार अशी, की सूर्य एवढा उजेड पाठवतो आणि त्यातला बराचसा सौरघटाच्या सिलिकॉनच्या पातळ थरातून आरपार निघून जातो! थर जाड करावा तर खर्च वाढतो. म्हणून खालच्या काचेलाच डोळ्यांना न दिसणारे, नॅनो मापाचे उंचवटे द्यायचे, म्हणजे उजेड तिरपा होऊन थरात रेंगाळेल आणि वीज जास्त देईल. हे आल्यागेल्याला पटावं म्हणून त्यांनी बैठकीतल्या खुर्च्या वाकड्यातिकड्या मांडल्या होत्या. "सरळ वाट दिली की पाहुणा निघून जातो. आडवळणं द्या, बसतो!" पाहुणे खरंच बसत. आतून ताई म्हणायची, "अहो, तुमचा उजेड अडेल तेव्हा अडेल, माझे पोहे संपले."

गुळगुळीत गोष्टींशी त्यांचं वैरच होतं. टक्कल पडलेल्या प्राचार्यांबद्दल ते म्हणत, "सगळं परावर्तित होतं, आत काही शिरत नाही." काचा ते स्वतः ॲसिडने खरवडत, थर चढवायला पुण्याच्या एका प्रयोगशाळेत नेत आणि एसटीने परतताना पोळ्यांच्या डब्यात घालून मांडीवर धरत. एकदा शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने विचारलं, "काय हाय ओ डब्यात?"

"सिलिकॉन. केसाहून लय पातळ."

"मग दिसंल कसं?"

"तीच तर पंचाईत आहे," दाजी म्हणाले आणि थेट नाशिकरोडपर्यंत त्याला समजावत राहिले.

पहिले उंचवटे फार टोकदार निघाले. थर जागोजागी फाटला, वीज उलट कमीच झाली.  मग दाजी टोकं बोथट करत बसले, ते कित्येक वर्षं. अखेर एका दुपारी मी तिथेच असताना त्यांनी दिव्याखाली आधी साध्या काचेचा घट ठेवला, मग खडबडीत काचेचा. मीटरचा काटा पुढे सरकला. "अगं, इकडे ये!" ताई कणकेच्या हातांनी धावली. दाजींनी तीनदा घट बदलले. तिन्ही वेळा काटा सरकला.

त्यांनी लेख पाठवला. काही महिन्यांनी तो परत आला, कारण परदेशात कुणीतरी हे काम आधीच छापलं होतं. ताई उसळली, "त्यांना कळवा, तुम्हीही इतकी वर्षं हेच करत होतात!"

दाजींनी लेखासोबत आलेलं पत्र पुन्हा वाचलं. "अगं, पहिलं नव्हतं," ते म्हणाले, "पण बरोबर होतं."

ताई त्यांच्या शेजारी बसली. "मला एकदा नीट समजावून सांगा."

आता दाजी नाहीत. कुणी विचारलं तर ताईच सगळं सांगते. सांगता सांगता थांबते आणि म्हणते, "ते असते तर अजून वेळ लावला असता."