गाव नको, कुलूप बदला

मी कीबोर्डवरून हात उचलला आणि त्यानं तो कीबोर्ड पुसायला लावला.

सगळ्या पोरांसमोर. ग्रामपंचायतीच्या शिपायानं ओलं फडकं आणलं आणि एकेक बटण घासलं. माझ्याकडं न बघता. पुसायला लावणारा गावाच्या शिक्षण समितीचा अध्यक्ष. सगळे त्याला अण्णा म्हणतात. मीही अण्णाच म्हणाले होते. त्यानं मला एकच गोष्ट विचारली होती.

"आडनाव काय म्हणालीस?"

बस. काय शिकलीस, काय शिकवणार, काही नाही.

सरकारच्या एक वर्षाच्या सेवेत माझी निवड झाली होती. गावातल्या लोकांना मोबाईल, लॅपटॉप, ऑनलाईन कामं शिकवायची. मी बेंबळीची, गाव मिळालं ढोकीकडचं. पहिल्या दिवशी आईनं शेजारची इस्त्री मागून आणून माझ्या निळ्या टी-शर्टची घडी बसवली होती. लई कौतुक तिला.

अण्णा म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको पोरी. लेकरं हात लावत्यात. घरी इचारत्यात, आमाला उत्तर द्यावं लागतं."

मारायचं, आणि वर समजूत घालायची. परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून बसले आणि मला माझ्याच हाताचा राग आला. माझ्याच आडनावाचा. ढोकी मागं पडल्यावर डोक्यात लख्ख झालं. ह्यांना हेच पाहिजे. राग माझा, आणि तो निघावा माझ्यावरच.

दुसऱ्या दिवशी वर्गाआधी मी गावाबाहेरच्या, आमच्या समाजाच्या वस्तीत गेले. बायांना म्हणाले, वर्गाला चला. अनुसयामावशी सगळ्यात पुढं. तिची लेक ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली. नातवाचं तोंड बघायचं तर मावशीला दर वेळी दुकानदाराची विनवणी करावी लागायची. तिला आपल्या हातानं फोन लावायचा होता. एवढंच.

अण्णा दारातच उभा.

"ह्यांना ओट्यावर बसव. आत पोरं बसतील."

मावशी लगेच ओट्यावर टेकली. सवयीनं. पदर सावरला आणि टेकली. ते बघून माझं डोकं फिरलं.

"मावशी, उठा. आत चला."

"ऱ्हाऊ दे बाई. हितं हवा हाय."

"हवा खायला बोलावलं न्हाय तुम्हाला. उठा."

मग मी अण्णाकडं वळले. "वर्ग ओट्यावर भरणार नाही. बसतील ते सगळे आत."

"तू वर्षभराची पाव्हणी," तो म्हणाला. "आमाला हितंच ऱ्हायचंय." त्यानं आतली पोरं बाहेर काढली, दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली.

मी तिथूनच आमच्या कामावर देखरेख करणाऱ्या साहेबांना फोन लावला. फडक्यापासून कुलपापर्यंत सगळं सांगितलं.

साहेब म्हणाले, "गावाला धरून राहावं लागतं. कशाला त्रास करून घेतेस? तुला दुसरं गाव देतो."

"गाव नको साहेब. कुलूप बदला."

साहेब "बघतो" म्हणाले. ते बघणार नव्हते.

मावशी सगळं ऐकत होती. "कुठं बसतोय हा साहेब?"

"धाराशिवला."

"मग चल की."

आम्ही मिळेल त्या एसटीनं गेलो. बायांना बघून साहेब म्हणाले, अर्ज ठेवून जा. मी म्हणाले, "अर्ज ठाण्यात देणार आहे. हा गुन्हा आहे, हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही काय केलं, तेही त्यात लिहीन." मग त्यांच्या हाताला फोन सापडला.

वर्गाची किल्ली आता माझ्याकडं आहे. अण्णाच्या भावकीनं आपली पोरं काढून घेतली. निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. माफी कुणी मागितली नाही.

अर्ज मी ठाण्यात दिलाच. मागं घे, वर्ष सुखात जाईल, असे निरोप येतात. अण्णाचेही येतात, साहेबांचेही. मी मागं घेणार नाही. वर्ष सुखात काढायला मी इथं आलेले नाही. ज्याला शिकायचं असेल त्यानं यावं, मावशीच्या शेजारच्या खुर्चीवर बसावं आणि माझ्याकडून शिकावं. दुसरी जागा या वर्गात नाही.